साखळीच्या पुढे साखळी

साखळी गाव मागे राहिलं, दहा-बारा किलोमीटर.
ही दुसरी साखळी, लोखंडाची,
केरीच्या नाक्यावर
दोन पिंपांच्या मध्ये बांधलेली.
हिला राखायचं काम माझं.
होमगार्ड शेवंती माजिक.
रेनकोट मिळालाय तो कुणा उंच पुरुषाचा,
बाह्या दोनदा दुमडल्या तरी हात सापडत नाहीत.

डिसेंबर अर्धा सरलाय.
काजूला मोहर नुकता फुटतोय,
वायंगणाचा तरवा बोटभर,
आणि समुद्रात, जो इथून दिसतही नाही,
वादळ उठलंय. त्याचं बारसंही झालंय म्हणे.
आमच्याकडे ते नाव सांगून आलं नाही,
आडवा पाऊस घेऊन आलं,
आणि पाऊस दमला तेव्हा धुकं,
गोधडीसारखं, ओलं, कुबट.

वर चोरल्याच्या वळणात माट्टीचं झाड पडलंय.
त्याच्या अंगावर आणखी एक.
दरड सुटलीय की नाही,
ते वर गेलेला जेसीबीवाला सांगेल,
खाली आला की.

तोवर मी एकच वाक्य बोलते :
घाट बंद आहे.
एकच वाक्य रात्रभर बोललं
की त्याचा अर्थ निघून जातो, नुसती चव उरते,
गंजाला जीभ लावावी तशी.

इराप्पा कोबी उतरवून बेळगावला परत निघालेला.
त्याने काही विचारलं नाही.
इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला, झोपला.
वीस वर्षं घाट चढणारा माणूस
घाटाशी हुज्जत घालत नाही.
हुज्जत घालतात पहिल्यांदा आलेले.
पांढऱ्या गाडीतला म्हणाला, मॅपवर रस्ता निळा आहे.
मी म्हटलं, मॅप भिजत नाही ना.

मग जत्रेच्या खाज्यांचा टेम्पो.
म्हातारा ताडपत्रीचं टोक धरून उभा.
"बाय, खाजीं मोव जातलीं गो."
होतील, मी म्हटलं, मऊ.
त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं,
मग एक पुडी स्वतःच फोडली.
आम्ही सगळ्यांनी खाल्ली,
आल्याचा तिखटपणा घशात धरून.
पांढऱ्या गाडीवाल्यानेही.

आणि तो पोरगा. पर्येचा असावा.
स्कूटरवर, पाठीला दप्तर.
सकाळी बेळगावात परीक्षा.
"बाय, वचूंक दी."
नाही.
"हळू वतां."
नाही रे.
मी दुसऱ्या गाडीचा नंबर टिपायला मान खाली घातली
आणि तो पिंपाच्या कडेने, गटारावरून,
निसटला.
लाल दिवा एकदा दिसला, पुन्हा दिसला,
मग धुक्याने तो गिळला.
शिट्टी तोंडातच राहिली माझ्या.

वहीत लिहिलं :
अकरा वीस. एक स्कूटर. नंबर अर्धा.

वायरलेसवर सांगून झालं. "बरं," म्हणाले.
त्यानंतरची रात्र मी कानांनी काढली.
प्रत्येक आवाज आधी स्कूटरचा वाटे,
मग पाण्याचा निघे.
चहा आला, निवला.
कुणी झोपेत कानडीत बोललं.
एकदा वाटलं, साखळी सोडावी आणि धावत सुटावं.
त्या रेनकोटात किती धावणार.

उजाडताना पिवळं काहीतरी उतरू लागलं,
वळण घेत, थांबत, वळण घेत.
जेसीबी.
त्याच्या सोंडेत स्कूटर,
पोर अंगाशी धरावं तशी धरलेली.
आणि कॅबिनमध्ये, ड्रायव्हरच्या बाजूला अवघडून,
तो. हनुवटी सोललेली.
परीक्षा सुरू व्हायला तासभर होता.
माझ्याकडे बघेना.
मीही काही बोलले नाही,
जे बोलायचं ते रात्रभर बोलून संपवलं होतं.
उरलेलं खाजं त्याच्या हातावर ठेवलं.
मऊच पडलं होतं.

साखळी सोडली.
इराप्पाला उठवावं लागलं नाही.
त्याने चाकाखालचा दगड काढला,
रस्त्याच्या पार कडेला नेऊन ठेवला,
आणि पहिला चढाला लागला, डिपर देत.
त्याच्यामागे बाकीचे.

मी वही उघडली.
सोंडेतल्या स्कूटरकडे बघत
नंबर पुरा केला.